भांड्याचा पांढरा थर आणि मुतखड्याची धास्ती

नांदगाव पेठ भागात बोअरचे पाणी तापविले की गंजाला पांढरा थर धरतो. तो पाहून मुतखड्याच्या धास्तीने कित्येक जण पाणीच कमी पितात. हे उफराटे आहे! थर मुख्यतः चुन्याचा. भारतीय मानकानुसार पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालतो. वऱ्हाडच्या उन्हात पाणी तोडले, तर मात्र लघवी दाट होऊन खडा खरोखरच धरतो. पाणी उकळून निवू द्यावे, वरचे नितळ प्यावे. बराच चुना तळाशी बसतो. स्टीलच्या गंजाचा थर लिंबाने निघतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याची गोष्ट निराळी. तिथले मीठ उकळून जात नाही, उलट वाढते. तिथल्यांनी ग्रामपंचायतीकडे गोड्या पाण्याच्या नळाचाच हट्ट धरावा.