समुद्र फुकट आहे, लक्ष मात्र द्यावं लागतं

परीक्षा संपल्या की कोकणातल्या आमच्या सरकारी रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागाची गर्दी बदलते. मुंबई-पुण्याहून गावी आलेली चाकरमान्यांची मुलं आजीचा हात धरून येतात. पर्यटक कुटुंबं उलट्या, कानदुखी, उन्हाने भाजलेले खांदे घेऊन येतात. तपासणी झाली की जाताजाता एक प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टर, चार दिवस आहोत, मुलांसाठी इथे काय करण्यासारखं आहे?’ विचारणाऱ्यांनी जलक्रीडांचे दर आधीच काढलेले असतात. चौघांच्या कुटुंबाला एका सकाळचा खर्च काही हजारांत जातो आणि तो परवडत नाही म्हणून अनेक आईवडिलांना अपराधी वाटतं.

हा अपराधीपणा अनाठायी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाच्या शरीराला किनाऱ्यावरून जे हवं असतं, त्याला तिकीट नाही.

सुट्टीतल्या मुलाचा दिवस घड्याळ लावून मोजून बघा. आठ-दहा तास गाडीत, पंधरा मिनिटं बोटीवर, तासभर जेवणाच्या रांगेत आणि उरलेला वेळ हॉटेलच्या खोलीत मोबाइलवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला हवी. ५ वर्षांखालच्या, चालत्या-पळत्या मुलांना दिवसभरात १८० मिनिटांची हालचाल हवी. बनाना राइडवर बसलेलं मूल आनंदाने किंचाळतं, पण ते बसलेलंच असतं.

दुसरा मुद्दा डोळ्यांचा. मुलांमधला लघुदृष्टीचा दोष, म्हणजे लांबचं अंधूक दिसणं, झपाट्याने वाढतो आहे. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर घेतला, बाकीच्या शाळांत नेहमीचंच वेळापत्रक ठेवलं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतल्या सुमारे ४० टक्के मुलांना हा दोष जडला होता. मैदानावर जाणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. याचं श्रेय प्रामुख्याने बाहेरच्या उजेडाला दिलं जातं. घरातला उजेड तीन-चारशे लक्सचा असतो, झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजार लक्स भरतो. म्हणजे त्यासाठी मुलांना उन्हात भाजून काढायची गरज नाही. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात खेळणारं मूलही हा लाभ घेतच असतं.

मग फुकटात करायचं काय? सुरुवात ओहोटीपासून करा. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब मुलांना शिकवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ गावातल्या मच्छीमाराला विचारावी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही सर्वांत लांब जातं. मे महिन्यात लहान मुलांना घेऊन बाहेर पडायला याहून सोयीची वेळ नाही.

ओल्या वाळूवर तेव्हा हजारो बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घालतात, तिच्यातलं अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. एक खेकडा किती गोळ्या टाकतो, हे मोजायला मुलं अर्धा तास उकिडवी बसतात. खडकाळ भागात पाणी साचलेल्या खळग्यांमध्ये दुसऱ्याच्या शंखात राहणारा खेकडा, फुलासारखं उमलणारं समुद्रफूल, चिकटून बसलेली कालवं दिसतात. बघावं आणि सोडून द्यावं, उचललेला दगड होता तसा ठेवावा. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, त्यामुळे इथे अनवाणी नको.

वाळूवर चालणं हाच एक व्यायाम आहे. मऊ वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, हे मोजून पाहिलेलं आहे. किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलेलं मूल रात्री मोबाइल न मागता झोपतं.

कुठे सकाळी रापण ओढत असतील तर परवानगी विचारून दोराला हात लावू द्या. जाळ्यात काय आलं, त्यातलं कोणतं खातात, कोणतं परत टाकतात, हे बघणं शाळेतल्या धड्याला भारी पडतं. संध्याकाळी सड्यावर जा. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी, कुडोपी इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे, की त्याच्या कडेकडेने चालत गेल्याशिवाय तो हत्ती आहे हे कळत नाही. सड्यावर पायात बूट हवेत आणि दगडाखाली हात घालायचा नाही, कारण फुरसं तिथेच असतं. वाटेत करवंदं असतातच.

यावर आईवडील म्हणतात, ‘मुलांना कंटाळा येतो.’ येऊ द्या. पहिला अर्धा तास कुरकुर होते. मोबाइल हाती दिला नाही, तर त्यानंतर मूल स्वतःच काहीतरी शोधून काढतं. खड्डा, किल्ला, पाण्याचा पाट. खेळ स्वतः रचण्याची ही सवय त्याला सुट्टीनंतरही पुरते. विकत घेतलेल्या करमणुकीत ती लागायला वावच नसतो.

मात्र या फुकट गोष्टींना एक किंमत आहे आणि ती मोठ्या माणसाने मोजायची असते. ती म्हणजे पूर्ण लक्ष. बुडणं हे जगभरात लहान मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. आमच्या किनाऱ्यांवर दर सुट्टीत अशा बातम्या येतात आणि त्या घरांचं पुढे काय होतं, हे आम्ही शवागाराच्या दारात पाहतो. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना त्याला ओरडायला श्वासच नसतो. किनाऱ्यावर दहा नातेवाईक बसलेले असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

म्हणून नियम साधे ठेवा. मूल पाण्यात असेल तेव्हा एकच मोठा माणूस जबाबदार, तो मुलापासून हाताच्या अंतरावर, त्याचा मोबाइल पिशवीत. दमला की मोठ्याने सांगून दुसऱ्याकडे पाळी द्यायची. दारू घेतलेल्या माणसाकडे ही पाळी कधीच नाही. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत दिसला, तर तो सुरक्षित समजू नका. बहुधा तिथूनच पाणी आत ओढत असतं. त्यात सापडलात तर उलटं किनाऱ्याकडे पोहून दमू नका, तरंगत राहा आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरका. खडकांवर असाल तर पाणी वळताच निघा, भरती पाठीमागून घेरते. मे अखेरीस समुद्र खवळू लागला की पाण्यात उतरणं बंद. अकरा ते चार सावलीत काढा आणि मुलांना तहान लागण्याची वाट न बघता पाणी, कोकम सरबत देत राहा.

मूल पाण्यातून बेशुद्ध काढलं आणि श्वास चालत नसेल, तर त्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. शुद्धीवर आलं तरी काही तास रुग्णालयात देखरेख लागते.

सगळा भार पालकांवर टाकून शासनाला मोकळं होता येणार नाही. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून अधिक किनारा आहे. आपल्याकडे गर्दीच्या काही जागी जीवरक्षक दिसतात, बाकी ठिकाणी गावातले मच्छीमार जिवावर उदार होऊन उडी घेतात. पर्यटन वाढवायचं म्हटलं की आपण नवीन राइड आणतो. त्याआधी प्रत्येक वापरातल्या किनाऱ्यावर जीवरक्षक, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला मराठी फलक, स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी हवं. वाळूवर गाड्या घालणाऱ्यांना दंड हवा, कारण त्याच वाळूवर मुलं खेळतात आणि तिच्यातच कासवांची अंडी असतात. हा खर्च आरोग्याचाच समजावा. ज्या कुटुंबाकडे सहलीसाठी फक्त एसटीचं भाडं आहे, त्याच्या मुलांच्या वाट्याला येणारी ही सर्वांत मोठी मोकळी जागा आहे.

यंदा किनाऱ्यावर येणार असाल तर निघण्यापूर्वी कालनिर्णयमध्ये तिथी बघा, ओहोटीची वेळ काढा आणि मुलांना तो हिशेब स्वतः करायला लावा. घरातल्या कोणी किती वाजता पाण्याजवळ लक्ष ठेवायचं, हेही त्याच कागदावर लिहून टाका.