जपायची प्रत आणि वाटायची प्रत

आधीच सांगून टाकतो, हे जरा चिडून लिहितोय. निमित्त नेहमीचंच. कुणाच्या तरी माळ्यावर लग्नाची नाहीतर मुंजीची जुनी कॅसेट सापडते आणि फोन येतो, "तू कॉम्प्युटरवाला ना, मग सांग, कशावर करून घेऊ? डीव्हीडी की पेनड्राइव्ह?" अर्धा तास फॉरमॅटवर चर्चा होते आणि शेवटी हळूच कळतं, की कन्व्हर्ट झाल्यावर ती कॅसेट टाकूनच देणार आहेत. उगाच जागा अडवते म्हणे!

इथे माझं डोकं फिरतं.

माझं म्हणणं साधं आहे. घरच्या व्हिडिओची वाटायची प्रत वेगळी आणि जपायची प्रत वेगळी. वाटायची प्रत कितीही हलकी असू दे, बघणाऱ्याकडे चालली म्हणजे झालं. पण तिलाच मूळ प्रत मानून खरी मूळ प्रत फेकून देणं हा शुद्ध गाढवपणा आहे, आणि मराठी मध्यमवर्गाने तो गेली पंचवीस वर्षं अतिशय नीटनेटकेपणाने केला आहे.

पहिला बळी व्हीसीडीचा. २००० च्या आसपास गल्लोगल्ली "कॅसेटची सीडी करून मिळेल" अशा पाट्या लागल्या होत्या. व्हीसीडी म्हणजे एमपेग-१, ३५२ गुणिले २८८ चं चित्र, आणि व्हिडिओला सेकंदाला जेमतेम ११५० किलोबिट. आता लगेच कोणीतरी म्हणणार, "अरे, मूळ व्हीएचएस तरी कुठे एवढी भारी होती? तिला व्हीसीडी पुरेशी आहे." हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण चूक आहे. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत कॅसेटवर सेकंदाला ५० फील्ड असतात आणि दोन फील्ड मिळून ५७६ ओळींचं चित्र होतं. व्हीसीडी त्यातली निम्मी फील्ड सरळ टाकून देते. म्हणजे हालचालही अर्धी झाली आणि उभ्या ओळीही अर्ध्या. वर कॅसेटच्या मुंग्या मुंग्या चित्राला एवढ्याशा बिटरेटमध्ये कोंबायचं! लग्नाची कुठलीही व्हीसीडी लावा आणि अक्षता पडतात तो क्षण बघा. शेकडो बारीक दाणे एकदम हलतात, एमपेग-१ गुडघे टेकतं, आणि नवरा-नवरीच्या तोंडाचे चौकोन होतात. जो क्षण बघायला अख्खी कॅसेट जपली, नेमका तोच गेला.

मग डीव्हीडी आली. ७२० गुणिले ५७६, एमपेग-२, ४.७ जीबी जागा. फॉरमॅट उत्तम, पण आपली काटकसर आडवी आली. साधं गणित आहे. त्या डिस्कवर एक तास टाकला तर सेकंदाला साधारण १० मेगाबिट मिळतात, दोन तास टाकले तर ५, चार तास टाकले तर अडीचच्या थोडं वर. "दोन्ही कॅसेटी एकाच डीव्हीडीत बसवा हो" असं सांगून आपण नेमकं काय कमी करायला सांगतोय, हे त्या दुकानदाराने सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. मिनीडीव्हीचं तर आणखी वाईट. ती कॅसेट मुळातच डिजिटल. फायरवायरने कॉम्प्युटरवर घेतली की जशीच्या तशी उतरते, तासाला सुमारे १३ जीबी. लोकांनी तिची डीव्हीडी करून घेतली, कॅसेट विकली नाहीतर तिच्यावर पुन्हा शूटिंग केलं.

"पण आईला क्वालिटीशी काय देणंघेणं? तिला माणसं दिसली म्हणजे झालं." मान्य, आज आईला फरक पडत नाही. पण माणूस गेल्यावर काय होतं ते आठवा. भिंतीवर लावायला बरा फोटो सापडत नाही, म्हणून कोणीतरी म्हणतं, त्या लग्नाच्या व्हिडिओतून काढ ना. ग्रुपमध्ये उभ्या आजोबांचा चेहरा चित्राच्या उंचीच्या दहाव्या भागाएवढा असेल, तर व्हीसीडीत तो जेमतेम २८ ओळींचा असतो. त्यातून फोटो निघत नाही, डाग निघतो. आवाजाचंही तेच. हँडीकॅमच्या शूटिंगमधला आजीचा आवाज काढून त्याजागी सिनेमाचं गाणं टाकणारे महाभाग आहेत. गाणं कुठेही मिळेल हो, आजी कुठे मिळणार?

बरं, हसायचं कारण नाही. आपली पिढी तरी काय दिवे लावतेय? फोर-के शूटिंग करायचं, व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने टाकायचं, ते पिळून पाठवतं, फोन बदलताना मूळ फाइल उडवायची आणि उरते ती ग्रुपमधली प्रत. ही आजची व्हीसीडी! तोच व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, २०२२ पासून २ जीबीपर्यंत. दोन टिचक्या जास्त, बस.

डिस्कच्या प्रकारांवर आपण वाया घालवलेला वेळ तर विचारूच नका. डीव्हीडी मायनस आर की प्लस आर, यावर तावातावाने भांडलो. अमेरिकेतल्या मुलाकडे डिस्क चालली नाही की रीजन कोडला शिव्या. घरी बर्न केलेल्या डिस्कला रीजन कोड नसतोच! खरी भानगड असायची पॅल आणि एनटीएससीची, नाहीतर डिस्क फायनलाइझ न केल्याची. आणि या सगळ्या डिस्कवर सेंद्रिय रंगाचा थर, जो उन्हाने खराब होतो. त्या आपण कुठे ठेवल्या? खिडकीशेजारच्या शोकेसमध्ये!

मग आज काय करायचं? वाटायला डिस्क नको, बहुतेक घरांत आता ती लावायला काही नाही. एमपी४ फाइल, एच.२६४ व्हिडिओ, एएसी आवाज. एच.२६५ ने जागा वाचते, पण काकांच्या जुन्या टीव्हीवर नुसता आवाज आला आणि चित्र नाही, तर ती वाचलेली जागा काय चाटायची आहे? टीव्ही जुना असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ करा आणि एक फाइल ४ जीबीच्या आत ठेवा. ज्यांना लिंक उघडता येत नाही त्यांना ड्राइव्हची लिंक पाठवून "मी शेअर केलंय" म्हणू नका. ते शेअर करणं नव्हे, अंग काढून घेणं आहे.

जपायला मात्र कंजुषी नको. कॅसेट पूर्ण ७२० गुणिले ५७६ मध्ये, पॅलच्या फील्डसकट उतरवून घ्या. रुंद टीव्हीसाठी ताणू नका, वरखाली कापू नका, गाणी घालू नका. त्या मोठ्या फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. कपाटात ठेवून दिलेल्या पेनड्राइव्हवर भरवसा नको, विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिला तर त्यातला डेटा जाऊ शकतो. आणि कॅसेट? ती ठेवायचीच. पुढे जास्त चांगलं उतरवता आलं तर मूळ तिथेच आहे.

फक्त वेळ फार नाही. फुनाईने व्हीसीआर बनवणं २०१६ च्या जुलैमध्ये थांबवलं, ते बनवणारी ती शेवटची कंपनी. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेटींचं उत्पादन बंद केलं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात टेपला बुरशी लागते, आणि बुरशीची टेप तशीच लावली तर चालू व्हीसीआरही बिघडतो.

तेव्हा यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा तो खोका "काय कचरा आहे" म्हणून खाली येईल, तेव्हा निदान तो रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका. आधी उतरवून घ्या, मग आरामात भांडू फॉरमॅटवर.