बोनेट थंड असताना

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या शेजारचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. "जयभीम काका, थोडा वेळ आहे का?" म्हणाला. मोबाइलमध्ये एका पिवळ्या पाटीच्या चारचाकीचे फोटो होते. वडील नुकतेच सेवानिवृत्त झालेले. त्यांच्या फंडाचे अडीच लाख, वर थोडे कर्ज, आणि ठाणे स्टेशनपासून विमानतळापर्यंतची भाडी, असा त्याचा हिशेब होता. "चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे, सीएनजी बसवलेला आहे, फक्त ऐंशी हजार किलोमीटर चालली आहे. तुम्ही आकड्यांतले माणूस. घेऊ का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्याला कारण आहे. बारा वर्षांपूर्वी कोपरीतल्याच एका घराला आम्ही असेच उत्तर लगेच दिले होते. तेव्हा कंपनीचे माहितीपत्रक मागवून घेतले, इंजिनाची सीसी, अश्वशक्ती, लिटरमागे किलोमीटर असे सगळे कागदावर मांडले, हप्ता आणि उत्पन्न यांची वजाबाकी केली आणि 'घ्या' म्हणून मोकळे झालो. बी.कॉम.ची पदवी अशा वेळी माणसाला फार धीट करते. चार महिन्यांनी ती गाडी प्रवासी घेऊन नाशिकला निघाली असता कसारा घाटात गरम झाली. काटा लाल रेघेला टेकला, पण 'वर पोहोचू' म्हणून त्या गृहस्थांनी गाडी थांबवली नाही. हेड वाकले, गॅस्केट जळाले, इंजिन खाली उतरवावे लागले. दीड महिना गाडी गॅरेजमध्ये आणि हप्ते मात्र चालू. त्या घरातल्या ताईंच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या परत आल्या की नाही हे विचारण्याचा धीर आम्हाला आजवर झालेला नाही. गाडीचे नाव येथे लिहीत नाही, कारण दोष त्या कंपनीचा नव्हता. रेडिएटर आधीपासूनच गाळाने भरलेला होता. आम्ही माहितीपत्रक पाहिले होते, इंजिन पाहिले नव्हते.

तेव्हा या वेळी आधी स्वतः शिकावे असे ठरवले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण फंडाचे पैसे गाडीत घालणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत.

चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे चार चुली पाळीपाळीने पेटणे. बहुतेक इंजिनांत पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. खालच्या दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, दोन फेरे होतात तेव्हा चारही सिलिंडर एकेकदा पेटून होतात. म्हणजे दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का. एका सिलिंडरच्या मोटारसायकलला दोन फेऱ्यांत एकच धक्का मिळतो, म्हणून ती थरथरते आणि चारवाले इंजिन एकसारखे चालते. पण एकसारखे चालणे वेगळे आणि टिकणे वेगळे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे होते, आणि ते किती टिकले ते सर्वांनी पाहिले आहे. उलट 'चार सिलिंडर' या शब्दावर भाळून गाडी घेणाऱ्याने कागद नीट वाचावा. अलीकडच्या वॅगन आरमध्ये ९९८ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे आणि ११९७ सीसीचे चार. नाव एकच, बाहेरचा पत्रा एकच.

आम्हा कोपरीकरांना हा विषय समजायला दूर जायला नको. ठाण्याहून मध्य रेल्वेने एका बाजूला कुर्ला आणि दुसऱ्या बाजूला कल्याण. चार सिलिंडरच्या इंजिनाचे दोन धडे या दोन टोकांना आहेत.

पहिला धडा कुर्ल्याचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तेथील कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळीपिवळी ती हीच. इंजिन १०८९ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. (हा गुणाकार आम्ही स्वतः करून पाहिला, बरोबर येतो. कारकुनाला दुसऱ्याच्या बेरजेवर विश्वास नसतो.) ताकद ४० अश्वशक्ती. सिलिंडरमागे दोन व्हॉल्व, ते खालून पुशरॉडने हलायचे, पेट्रोल कार्बोरेटरमधून यायचे. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

जुनी माणसे म्हणतात, "तसे भरवशाचे इंजिन पुन्हा झाले नाही." येथे आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. पद्मिनीचे पॉइंट घासायचे, टॅपेट सतत जुळवून घ्यावे लागायचे, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकायचा. उन्हाळ्यात पेट्रोल पंपातच वाफ धरायची आणि गाडी रस्त्यात गप्प व्हायची. मग चालक त्या पंपावर ओले फडके टाकून बिडी ओढत बसायचा. याला भरवसा म्हणत नाहीत. तिचा गुण दुसरा होता, तो म्हणजे ती कोठेही दुरुस्त व्हायची. तीस-पस्तीस वर्षे इंजिनाचा मूळ ढाचा तोच राहिला, म्हणून त्याचे सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात नवे, जुने, उतरवलेले, सगळे मिळत. फुटपाथवरच्या मिस्त्रीचे हात त्या इंजिनावर डोळे मिटून चालत. बिघाड शंभर वेळा झाला तरी प्रत्येक वेळी खर्च खिशाला झेपणारा असे. बंद न पडणे आणि बंद पडल्यावर परवडणे या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो.

दुसरा धडा कल्याणचा. याच कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून १९९४ पासून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ तयार करायला घेतली. तिचे पेट्रोल इंजिन १३६० सीसीचे, चार सिलिंडरचे. इंजिन पद्मिनीपेक्षा एका पिढीने पुढचे होते. पण कामगारांचा तंटा झाला, विक्रेते नाराज झाले आणि १९९७ साली प्यूजोने अंग काढून घेतले. ज्यांनी हौसेने गाडी घेतली होती त्यांच्या दारात चांगले इंजिन उभे राहिले आणि सुटा भाग मात्र शोधत फिरावे लागे. माहितीपत्रकातला एकही आकडा खोटा ठरला नव्हता. जो भरवसा हवा होता तो त्या माहितीपत्रकात छापलेलाच नव्हता.

आता आजच्या इंजिनाकडे येऊ. पद्मिनीची जागा मुंबईत ज्या गाड्यांनी घेतली त्यांत सँट्रो होती. तिचे नंतरचे इंजिन १०८६ सीसीचे. पद्मिनीच्या इंजिनाहून तीन सीसी कमी, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. पण ताकद ६० अश्वशक्तीच्या वर, जवळजवळ दीडपट. ही वाढ आली कोठून? सिलिंडरमागे दोनाऐवजी तीन व्हॉल्व, हवेचा जास्त दाब, जास्त फेरे, आणि कार्बोरेटरऐवजी पेट्रोल मोजून सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. असे इंजिन वर्षानुवर्षे रस्त्यात थांबत नाही. पण त्याच्यात चुकीला जागा उरलेली नाही. व्हॉल्व चालवणारा टायमिंग बेल्ट रबराचा असतो. कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला तो बदलला नाही आणि तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतात आणि काही सेकंदांत हजारोंचे काम निघते. पुढच्या काही इंजिनांत बेल्टऐवजी साखळी आली. ती दीर्घकाळ चालते, पण ऑइल वेळेवर बदलले तरच. अॅल्युमिनियमचे हेड एकदा तापून वाकले की ओले फडके कामाचे नाही. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात तर व्हॉल्व आणि त्यांच्या बैठका अधिक तापतात, झिजतात, त्यांची तपासणी लवकर लवकर करावी लागते.

म्हणून जुनी गाडी घेताना प्रश्न इंजिन किती सीसीचे हा नसून आधीच्या मालकाने ते कसे वागवले हा आहे. आणि ते इंजिन स्वतः सांगते, फक्त त्याला थंड असताना विचारावे लागते.

हे आम्हाला शिकवले कोपरीतल्याच एका वयस्कर मिस्त्रीने. शेजारच्या मुलाला आणि त्याला घेऊन आम्ही ती गाडी पाहायला गेलो. दलाल हसतमुख होता, गाडी चालू करून ठेवलेली होती, आवाज शिवणयंत्रासारखा. मिस्त्रीने काहीच पाहिले नाही. बोनेटवर हात ठेवला, म्हणाला, "गरम आहे. उद्या सकाळी न सांगता येऊ."

दुसऱ्या दिवशी सातला गेलो. थंड इंजिन सुरू होताना तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात उठले आणि पहिली काही मिनिटे एक सिलिंडर चुकत चालले. मागे निळसर धूर आला, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्वच्या सीलमधून ऑइल आत जळते आहे. पांढरी वाफ सकाळच्या गारव्यात थोडी येतेच, ती थांबत नसेल तर पाणी आत जाते आहे असे समजावे. मग इंजिन बंद करून त्याने ऑइलचे झाकण उघडले. आतून दुधाच्या सायीसारखा थर. ऑइल आणि पाणी एकत्र होत असल्याचा संशय तेथेच आला. शेवटी चारही प्लग काढून त्याने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. चार आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, दहा टक्क्यांचा फरक फार झाला. येथे पहिले दोन सारखे होते, तिसरा आणि चौथा दोन्ही बरेच खाली. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की मधले गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा.

आम्ही आमच्या परीने पुस्तक तपासले. सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या तर दोनच निघाल्या आणि दोन पावत्यांमध्ये तीन वर्षांचे अंतर. मीटरवर ऐंशी हजार, पण क्लचच्या पायपट्टीचे रबर घासून लोखंड दिसत होते. जमाखर्चाच्या वहीत अशी पाने गळालेली दिसली तर आमचा साहेब सही करत नाही.

दलाल म्हणाला, "पाच हजार कमी करतो." मुलाने आमच्याकडे पाहिले, आम्ही मिस्त्रीकडे. मिस्त्री हात पुसत होता.

परत येताना मुलगा गप्प होता. त्याच्या वडिलांना पैसे घरात पडून राहिलेले बघवत नाहीत, आणि भाडी मारणारे त्याचे मित्र रोज फोन करतात. त्याची घाई आम्हाला कळते. आणखी दोन-तीन गाड्या पाहून झाल्या, जमले नाही. आता कल्याणला एक आहे. एकाच मालकाची, पावत्या सगळ्या आहेत असे तो म्हणतो, टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिलही त्याने पाठवले आहे. येत्या रविवारी सकाळची सव्वासहाची लोकल पकडायची ठरली आहे. गाडी सुरू करून ठेवू नका, असे मालकाला फोनवर दोनदा बजावले आहे.