इब्न बतूताच्या मुलखात आठ दिवस

सहलकंपनीबरोबर हिंडणाऱ्या माणसाकडे 'खरे' प्रवासी जरा करुणेने पाहतात. पाठीवर पडशी टाकून एकटा भटकेल तो प्रवासी, आणि कार्यक्रमपत्रिका हातात धरून मार्गदर्शकाच्या छत्रीमागे चालेल तो नुसता पाहुणा, अशी त्यांनी वाटणीच करून टाकली आहे. त्या हिशेबाने सौ. आणि मी पाहुणेच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अठरा मराठी माणसे, एक बस आणि एक छत्री अशा लवाजम्यासह आम्ही मोरोक्को पाहिला. आठ दिवसांत!

खऱ्या प्रवाशाचे नाव घ्यायचे तर ते त्याच देशातल्या इब्न बतूताचे घ्यावे. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हा गृहस्थ टँजियरहून मक्केच्या यात्रेला म्हणून निघाला आणि मायदेशी परतला तो चोवीस वर्षांनी! मधल्या काळात तो दिल्लीला महंमद तुघलकाचा काझी झाला, दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला, नंदुरबारवरून तो गेला. तिथल्या मंडळींविषयी त्याने लिहून ठेवले आहे की, ही माणसे भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जिवाला इजा करणे त्यांना रुचत नाही आणि अंग धुतल्यावाचून ती जेवायला बसत नाहीत. हे सगळे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले नाही. सुलतान अबू इनानच्या आज्ञेवरून त्याने ते सांगितले आणि इब्न जुझय नावाच्या पंडिताने उतरून घेतले. ग्रंथ १३५५ साली फेझ शहरात पुरा झाला.

म्हणून फेझमध्ये पाऊल ठेवताना माझ्या मनात जरा वेगळीच उत्सुकता होती. तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात मोटारी जात नाहीत. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावावी, इतक्या अरुंद गल्ल्या. ओझे वाहतात ती खेचरे, आणि त्यांचे हाकारे ओरडतात, 'बालक! बालक!' आमच्यातले पुण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी गर्रकन मागे वळले. "अहो, या वयात मला बालक कोण म्हणतंय?" त्या मुलखात त्याचा अर्थ 'बाजूला व्हा' असा होतो, हे कळेपर्यंत खेचराने त्यांना बाजूला सारलेही होते.

चामडी कमावण्याच्या कुंडांपाशी जाताना प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची काडी दिली जाते. कातडे मऊ करायला तिथे आजही कबुतरांची विष्ठा वापरतात, हे ऐकल्यावर काडीची किंमत कळते. जवळच करविय्यीनची मशीद आणि विद्यापीठ. ८५९ साली फातिमा अल-फिहरी या स्त्रीने त्याचा पाया घातला, अशी परंपरा सांगते. पण मी सर्वांत जास्त रेंगाळलो तो बू इनानियाच्या मदरशात. कोरीव देवदार, रंगीत फरश्यांची नक्षी, मधोमध पाण्याचे कुंड. इब्न बतूताचे कथन चालू होते त्याच वर्षांत, त्याच सुलतानाने हा मदरसा बांधवला. आपल्या नंदुरबारचा भात आणि तिळाचे तेल या शहरात कागदावर उतरले, या विचाराने मला परक्या अंगणात एकदम घरच्यासारखे वाटले.

नंदुरबारच्या त्या परंपरेतले आम्ही सहाजण शाकाहारी होतो. शुक्रवारी मोरोक्कोत घरोघरी कुसकुस असते. गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे वाफवून त्यावर सात भाज्यांचा रस्सा. दिसायला अगदी सात्त्विक, पण रस्सा बहुधा मांसाचा असतो. तेव्हा आधी विचारावे! ताजीन म्हणजे मातीचे भांडे आणि त्यावर शंकूसारखे उंच झाकण. वाफ झाकणाला लागते, थंड होते आणि पुन्हा भाजीवर ठिबकते. थोड्या पाण्यात, मंद आचेवर सगळे शिजते. त्यात मिठात मुरवलेले लिंबू निघाले तेव्हा सौ.चा चेहरा उजळला. मधात बुडवून तीळ लावलेली, फुलाच्या घडीची तळलेली शबाकिया पुढे आली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, हे तर आपले चिरोटेच! फक्त पाकाऐवजी मध." पुदिन्याचा चहा उंचावरून पेल्यात सोडतात. त्यातली हिरवी पत्ती मात्र चीनची. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज व्यापाऱ्यांच्या उत्तरेकडच्या पेठा बंद पडल्या, म्हणून त्यांनी ती इकडे उतरवली, आणि आज ती या देशाची ओळख होऊन बसली आहे.

पुढे वाळवंटाच्या कडेने ऐत बेन हद्दू हे तांबड्या मातीचे गढीवजा गाव पाहून आम्ही ॲटलास पर्वत ओलांडला. तिश्काची खिंड २२६० मीटर उंच. वळणावळणाला डोंगराच्याच रंगाची खेडी. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री याच डोंगरांत भूकंप झाला आणि सुमारे तीन हजार माणसे गेली. मार्गदर्शकाने एका दरीकडे बोट दाखवले, पण बोलला काही नाही. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कशा कोसळतात हे आम्हाला १९९३ च्या किल्लारीने शिकवले आहे. बसमध्ये बराच वेळ कोणी गाणे म्हटले नाही.

शेवटचा मुक्काम माराकेश. तिथल्या जामा एल-फना चौकात संध्याकाळी कढयांचा धूर उठतो, गारुडी पुंगी वाजवतात, आणि माणसांचे कोंडाळे करून कथेकरी उभा राहतो. या चौकातल्या मौखिक परंपरेला युनेस्कोने २००१ साली मानवजातीचा ठेवा म्हणून गौरवले. ठेवा म्हणायची वेळ आली की समजावे, वस्तू दुर्मिळ झाली. त्या सायंकाळी मला सबंध चौकात कथेकरी एकच दिसला. समोर पंधरा-वीस माणसे, बहुतेक म्हातारी. मला एक अक्षर कळत नव्हते, पण तो नेमका ऐन प्रसंगावर थांबला आणि टोपी फिरवू लागला, हे मात्र बरोबर कळले. आमचे हरदास आरतीचे तबक याच हिशेबाने फिरवीत!

कार्यक्रमपत्रिकेत चौकाला पाऊण तास होता. मी मार्गदर्शकाला म्हटले, "तो काय सांगतोय तेवढं सांगा." तो ऐकत राहिला आणि हसून म्हणाला, "प्रोफेसर, ही गोष्ट माझी आजी सांगायची. पण ती अमाझिगमध्ये. अरबी मी शाळेत शिकलो, फ्रेंच पोटासाठी. २०११ पासून आमची भाषाही राजभाषा आहे, पाट्यांवर तिची लिपी आहे. माझी मुलगी ती पाटी वाचते. पण आजीची गोष्ट तिला येत नाही."

मी काय बोलणार? माझ्या वर्गात मराठी विषय घेणारी मुले यंदा सात आहेत. आमच्याही भाषेला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला. त्या दिवशी महाविद्यालयात पेढे वाटले गेले.

"मग तुम्हीच सांगा की तिला," सौ. म्हणाली. मी ते इंग्रजीत केले. त्याने मान हलवली, घड्याळ पाहिले आणि छत्री खाली केली. गोष्ट संपेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो. बस वीस मिनिटे उशिरा सुटली आणि अठराजणांत कोणी कुरकुर केली नाही.

मोरोक्कोला गेलात तर उन्हाळा टाळा, पायांत जुने जोडे घाला आणि त्या टोपीत दहा दिरहम जरूर टाका. जाणार नसाल, तरी फराळाची ताटे उचलल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट सांगायला लावा. मुलांना जवळ बसवा. आणि ऐन प्रसंगावर आजी थांबल्या, तर त्यांच्यापुढे एक करंजी ठेवा!