दोष रक्ताचा की सिगारेटचा?

“आमच्या घराण्याच्या रक्तातच तंबाखू आहे,” हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले आहे. बोलणारा खोकत असतो आणि त्याच्या बोटांत सिगारेट जळत असते. आता या पळवाटेला विज्ञानाचाही आधार दिला जातो. तेव्हा विज्ञान खरोखर काय सांगते, हे पाहणे अगत्याचे आहे.

पळवाट जुनीच आहे. १९५० साली डॉल आणि हिल यांनी लंडनमधील रुग्णांची पाहणी करून सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवले. त्यावर थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आक्षेप घेतला की, धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोहोंचे मूळ एकाच आनुवंशिक घडणीत असू शकेल. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते.

पुढे २००८ साली तीन संशोधक गटांना पंधराव्या गुणसूत्रावर तसा जनुकभेद खरोखरच सापडला. निकोटीन ग्रहण करणाऱ्या मेंदूतील प्रथिनाशी तो निगडित आहे. मग फिशर जिंकले काय? मुळीच नाही. या जनुकभेदाच्या प्रत्येक प्रतीमागे दिवसाला सरासरी एखादी सिगारेट वाढते आणि कर्करोगाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. सिगारेटने मात्र तो १५ ते ३० पटींनी वाढतो! ठिणगी आणि वणवा यांना एकाच तराजूत कसे तोलावे?

उलट आनुवंशिकता हे सिगारेटपासून दूर राहण्याचेच कारण ठरते. ज्यांच्या रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन जन्मतः फार कमी असते, त्यांची फुप्फुसे धुराने अकाली निकामी होतात. त्यांनी तर सिगारेटला शिवूही नये.

या संशोधनातून घ्यायचा बोध दुहेरी आहे. व्यसन सुटत नाही म्हणून कोणाला ‘दुबळ्या मनाचा’ ठरवून हिणवू नका; एखाद्याचा गळफास दुसऱ्यापेक्षा घट्ट असू शकतो. त्याला उपदेशापेक्षा डॉक्टरांच्या उपचारांची आणि घरच्यांच्या धीराची गरज असते. पण गळफास घट्ट आहे म्हणून तो सोडवायचाच नाही, हा कुठला न्याय? धोक्याचा जनुकभेद असलेल्यांनाही सिगारेट सोडल्याचा लाभ होतो, हेही संशोधनाने दाखवले आहे.

आजोबांकडून आपल्याला जनुके मिळतात, सिगारेटचे पाकीट मिळत नाही. ते आपण दुकानातून पैसे मोजून आणतो, आणि बऱ्याचदा मुलांच्या देखत पेटवतो. घराण्याचा खरा वारसा तेथे चालू होतो. तो तोडणे आपल्या हाती आहे.