नंदाखाल आणि आपली 'गाव' ही कल्पना

मराठी समीक्षेत 'गाव' म्हटले की दोन चित्रे ठरलेली असतात. एक माणदेशाचे, 'बनगरवाडी'ने (१९५५) मनावर ठसवलेले. दुसरे रत्नागिरीकडच्या कोकणाचे, श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांतले. वसई तालुक्यातले नंदाखाल या दोहोंत बसत नाही. म्हणूनच ते तपासून पाहण्याजोगे आहे.

येथील पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ सालचे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. आपला शालेय इतिहास या दोन सनांपाशी थांबतो. या परिसराचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. जवळच्या सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. निर्मळची यात्रा शेजारीच भरते. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, त्यांना पाणी देणाऱ्या विहिरी आणि बावखले राज्यकर्ते बदलले तरी राहिली. बोलीही राहिली. सामवेदी, म्हणजेच कादोडी, वसईतले ख्रिस्ती कुपारी आणि सामवेदी ब्राह्मण दोघेही बोलतात. धर्मांतराने येथे उपासना बदलली, भाषा नव्हे.

हे न जाणण्याची किंमत २०१९ मध्ये दिसली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा काहींनी ते धर्मगुरू असल्याचे कारण पुढे करून विरोध केला. याच परिसरात जन्मलेले दिब्रिटो नंदाखालच्या शाळेत मराठीतून शिकले होते. २०२४ मध्ये त्यांचा दफनविधीही तेथेच झाला. त्यांचे मराठीपण सिद्ध करण्याची गरज भासावी, हा दोष आपल्या वाङ्मयेतिहासाचाही आहे. तो 'क्रिस्तपुराणा'वरून (१६१६) थेट रेव्हरंड टिळकांवर उडी घेतो आणि मधली गावे वगळतो.

वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. तालुक्यातल्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, बावखले बुजत आहेत. बावखल बुजले की शिंपण्याचे, वाफ्यांचे, पाण्याच्या पाळीचे शब्दही वापरातून जातात. मराठीच्या विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना तेथे पाठवावे आणि हे शब्द वाडीत राबलेल्या वृद्धांच्या तोंडून उतरवून घ्यावेत. ग्रामीण साहित्याची व्याख्या पुन्हा मांडण्याआधी एवढे काम तरी व्हायला हवे.