मळी स्वस्त, पण कोणासाठी?

उसाच्या मळीवर यीस्ट वाढवून तेलकट डाग सोडविणारी जैविक द्रव्ये तयार करता येतात, ही गोष्ट विज्ञानाला नवी नाही. 'सोफोरोलिपिड' या अशा द्रव्याचे वर्णन शास्त्रज्ञांनी १९६१ साली केले. जपानमध्ये त्यापासून बनविलेली प्रक्षालके बाजारात आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही त्यावर संशोधन झाले आहे. खनिज तेलापासून बनणाऱ्या प्रचलित द्रव्यांपेक्षा ते निसर्गात सहज विघटित होते. अडचण आहे ती किमतीची.

हे यीस्ट साखर आणि तेल अशा दोहोंवर पोसले जाते. तेव्हा शुद्ध ग्लुकोजऐवजी मळी आणि खाद्यतेलाऐवजी तळणीचे वापरलेले तेल घ्यावे, म्हणजे खर्च उतरेल, असे सांगितले जाते. आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाला यातील दुसरी सूचना तरी मानवण्यासारखीच आहे. मात्र पहिलीच्या मुळाशी एक अर्थशास्त्रीय गैरसमज आहे. उपपदार्थ म्हणजे फुकटचा पदार्थ नव्हे. ज्या वस्तूला दुसरा उपयोग आहे, तिची खरी किंमत त्या उपयोगावरून ठरते.

मळीचा इतिहास याची साक्ष देतो. १९९३ साली केंद्राने तिच्यावरील नियंत्रण उठविले आणि तिला बाजारभाव मिळू लागला. पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले, मागणी वाढली, आणि जानेवारी २०२४ मध्ये मळीच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क लावण्याची पाळी सरकारवर आली. अशा मळीला 'टाकाऊ' कोण म्हणेल? शिवाय कच्चा माल हा खर्चाचा एक भाग झाला. मद्यार्काच्या आंबवणीला हवा लागत नाही; येथे मात्र सतत हवा पुरवावी लागते, निर्जंतुकता कसोशीने पाळावी लागते आणि तयार द्रव्य गाळापासून वेगळे करून शुद्ध करावे लागते.

तथापि खरा प्रश्न याहून पुढचा आहे. २०१२ साली रंगराजन समितीने साखर, मळी, बगॅस व प्रेसमड यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा, अशी शिफारस केली. म्हणजे उत्पादकाचा हिशेब मळीपाशी थांबतो. मळीपासून पुढे जे मूल्य निर्माण होईल, ते या हिशेबाबाहेरच राहते. त्यातच कारखान्याने आपल्याच नव्या प्रकल्पाला मळी कमी दराने दाखवून दिली, तर 'स्वस्त उत्पादन' या शब्दांचा अर्थ उसाच्या भावातील कपात एवढाच उरेल.

म्हणून असे प्रकल्प जरूर उभारावेत. पण त्यांना दिलेली मळी बाजारभावानेच हिशेबात धरावी, त्यांचे जमाखर्च स्वतंत्र ठेवावेत आणि नफ्यातील उत्पादकाचा वाटा आधीच ठरवावा. सभासदांच्या भागभांडवलावर उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यांकडून एवढी अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. यीस्टने मळीचे मोल वाढविले, तर त्यातील न्याय्य हिस्सा ऊस पिकविणाऱ्याच्या घरी पोहोचला पाहिजे.